रजा मिळालेल्या रुग्णाच्या हाती काय उरते? वॉर्डातले संशोधन परिचारिकेने कसे करावे

बडोद्याच्या मराठी घरांत रुग्णालयातून सुटका झाली की "डिस्चार्ज मिळाला" असे क्वचितच कोणी म्हणते. गुजरातीच्या शेजारामुळे आपणही "रजा मिळाली" असेच म्हणतो. हा शब्द मला नेमका वाटतो, कारण रजा माणसाला मिळते, त्याच्या आजाराला मिळत नाही. ज्या रुग्णाला दाखल असताना पहिल्यांदा इन्सुलिन सुरू झाले, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दांडिया बाजारातल्या किंवा छोटा उदेपूरजवळच्या आपल्या घरी सुई स्वतःच टोचायची असते. हे शिकवले जाते मात्र रजेच्या दुपारी, औषधांची पिशवी भरून झालेली, रिक्षावाला दारात थांबलेला आणि निम्मे नातेवाईक जिन्यापर्यंत पोहोचलेले असताना. सिस्टर पाच मिनिटांत सगळे सांगतात, शेवटी "समजण पडी?" असे विचारतात आणि रुग्ण "हा, बेन" म्हणतो.

तो होकार समजल्याचा होता की आता आम्हाला जाऊ द्या असे सांगणारा होता, हे ठरवणे म्हणजेच रुग्णाला दिलेल्या आधारावरचे संशोधन होय. वॉर्डात काम केल्यानंतर आणि पुढे विद्यार्थिनींना शिकवल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, आपले या विषयावरचे बहुतेक अभ्यास परिचारिकेने किती दिले हे मोजतात. रुग्णापाशी किती पोहोचले हे मोजत नाहीत. ज्यांना रोजची ड्यूटी सांभाळून एखादा छोटा पण खरा अभ्यास करायचा आहे, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे. त्यात इन्सुलिन शिकवण्याचे उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतले आहे. स्टोमाची, म्हणजे शस्त्रक्रियेने पोटावर केलेल्या मलमूत्राच्या वाटेची काळजी, श्वासातून घ्यायचे औषध किंवा बाळंतिणीचे स्तनपान यांनाही हीच रीत थोड्या फरकाने लागू पडते.

प्रश्न कसा निवडावा

नर्सिंगच्या पदव्युत्तर प्रबंधांच्या शीर्षकांवर नजर टाकली, तर "अमुक विषयाच्या ज्ञानावर संरचित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता" हा साचा वारंवार भेटतो. त्यात आधी प्रश्नावली भरून घेतात, मग तक्ते दाखवून पाऊण तास शिकवतात, सात दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा देतात, गुण वाढलेले दिसतात आणि कार्यक्रम परिणामकारक ठरतो. ज्याला नुकतेच शिकवले त्याचे गुण वाढणारच. त्यासाठी संशोधनाची गरज नसते. प्रशिक्षणाचे मोल जोखण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पायऱ्या प्रसिद्ध आहेत: शिकणाऱ्याला ते कसे वाटले, तो काय शिकला, त्याच्या वागण्यात काय बदलले आणि त्यातून शेवटी काय साधले. आपले प्रबंध बहुधा दुसऱ्या पायरीवर थांबतात, आणि रुग्णाचे हित तर तिसरीपासून सुरू होते.

म्हणून प्रश्न निवडताना एकच कसोटी लावावी. उत्तर काहीही आले तरी दुसऱ्या दिवशी सकाळच्या ड्यूटीत आपण आपल्या अधिकारात काही बदलू शकू का, हे स्वतःला विचारावे. औषध बदलणे किंवा पदे वाढवणे आपल्या हाती नसते. शिकवण्याची वेळ, जागा, भाषा आणि कोणाला शिकवायचे याची निवड मात्र आपल्या हाती असते. आपल्या उदाहरणातला प्रश्न असा लिहिता येईल: आमच्या मेडिसिन वॉर्डातून प्रथमच इन्सुलिन सुरू होऊन घरी जाणाऱ्यांपैकी किती रुग्ण, किंवा त्यांना इंजेक्शन देणारे नातेवाईक, रजेच्या वेळी आणि सात दिवसांनंतर सांगितलेली मात्रा सिरिंजमध्ये अचूक भरू शकतात, आणि शिकवण्याची पद्धत बदलल्यावर हे प्रमाण बदलते का?

इन्सुलिनच का, याला कारण आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कुप्यांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट इन्सुलिन असते आणि त्यासाठीच्या सिरिंजचे टोपण लाल असते. १०० युनिटच्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. दुकानदाराने नजरचुकीने नारिंगी टोपणाची सिरिंज दिली आणि रुग्णाने सवयीने वीसच्या खुणेपर्यंत ४० ची कुपी भरली, तर त्याच्या अंगात वीसऐवजी आठच युनिट जातात. उलटे झाले, म्हणजे १०० ची कुपी लाल टोपणाच्या सिरिंजने भरली, तर त्याच खुणेवर पन्नास युनिट जातात आणि रुग्ण साखर उतरून बेशुद्ध होऊ शकतो. ही चूक ज्ञानाच्या प्रश्नावलीत दिसत नाही. सिरिंज हातात दिल्यावरच दिसते.

आधी आठवडाभर नुसते पाहावे

अभ्यासाचा आराखडा लिहिण्यापूर्वी एक लहान वही करून आठवडाभर फक्त निरीक्षण करावे, असा माझा आग्रह आहे. शिकवले कोणी, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती मिनिटे, रुग्णाने स्वतः सिरिंज हातात धरली का, त्या वेळी सोबत कोण होते आणि घरी इंजेक्शन देणार कोण, एवढेच लिहावे. शेवटच्या दोन रकान्यांत बहुधा वेगवेगळी माणसे आढळतात. मुलाला शिकवून पाठवलेले असते आणि घरी इंजेक्शन देते सून, जी भेटीच्या वेळेत डबा पोहोचवून केव्हाच परतलेली असते. मी स्वतः अनेक दिवस अशा मुलांना मन लावून शिकवत होते, आणि ही वही ठेवेपर्यंत ती गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पाहण्याच्या या आठवड्यातून पुष्कळदा मूळ प्रश्नच सुधारतो.

वाचन या टप्प्यावर करावे, त्याआधी नको. नाहीतर दुसऱ्यांचे प्रश्न आपले वाटू लागतात. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या संकेतस्थळावर शोध घेणे विनामूल्य आहे आणि तिथले बरेच लेख पूर्ण वाचता येतात. सैद्धांतिक आधारासाठी नर्सिंगच्या अभ्यासक डोरोथिया ओरेम यांचा स्वतःची काळजी स्वतः घेण्याविषयीचा विचार या विषयाला चपखल बसतो, कारण रुग्ण काय करू शकतो, काय करू शकत नाही आणि परिचारिकेने मधली उणीव कुठवर भरावी, हेच त्याचे सूत्र आहे. परिचारिका व रुग्ण यांच्या नात्यावर अभ्यास असेल, तर हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ मध्ये केलेली मांडणी पाहावी. सिद्धांताचे प्रकरण प्रबंधाला शोभा म्हणून जोडू नये. त्यातून आपल्या तपासणी-सूचीतला एखादा मुद्दा निघत नसेल, तर ते वगळलेले बरे.

काय मोजावे आणि कोणत्या भाषेत

आपल्या उदाहरणात मुख्य साधन म्हणजे तपासणी-सूची. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजच्या टोपणाचा रंग जुळवणे, हात धुणे, ढगाळ इन्सुलिन असेल तर कुपी न घुसळता तळहातांत हळुवार फिरवणे, मात्रेइतकी हवा कुपीत सोडणे, खुणेपर्यंत भरून बुडबुडे काढणे, टोचण्याची जागा रोज बदलणे, सुई सुरक्षित टाकणे, साखर उतरल्याची लक्षणे सांगता येणे आणि त्या वेळी तीन चमचे साखर घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणे, अशा पायऱ्या त्यात असाव्यात. बडोद्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि सगळ्या घरांत फ्रिज नसतो, म्हणून कुपी मडक्याच्या गारव्यात कशी ठेवायची हा मुद्दा परदेशी सूचीत नसला तरी आपल्या सूचीत हवाच. सगळ्या पायऱ्यांना सारखे गुण देणे मला पटत नाही. हात धुवायला विसरणे आणि पन्नास युनिट भरणे या दोन चुका एका तराजूत घालता येत नाहीत, तेव्हा मात्रा अचूक भरली की नाही हा निकाल वेगळाच नोंदवावा.

सूची तयार झाल्यावर दोन सिस्टरांनी एकाच रुग्णाला एकाच वेळी, एकमेकींचे कागद न पाहता तपासावे, आणि असे दहा-पंधरा रुग्ण झाले की दोघींच्या नोंदी किती जुळतात ते काढावे. त्यासाठी कापा हा गुणांक वापरतात (नोंदी पूर्ण जुळल्या तर तो १ येतो). तो ०.६ च्या खाली आला, तर दोष सहसा सिस्टरांचा नसून सूचीतल्या मोघम शब्दांचा असतो. "योग्य रीतीने धरली" या वाक्याचा अर्थ प्रत्येकीच्या मनात वेगळा असतो.

भाषेचा प्रश्न या शहरात विशेष गंभीर आहे. सयाजी रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात शहरातले गुजराती आणि मराठी रुग्ण येतात, तसेच छोटा उदेपूर, पंचमहाल आणि दाहोदकडचे राठवी किंवा भिली बोलणारेही येतात. प्रश्नावली असेल, तर एकाने मूळ भाषेतून गुजरातीत आणावी, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ती परत मूळ भाषेत न्यावी आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवून फरक मिटवावेत, त्यानंतर चार-पाच रुग्णांना वाचून दाखवून "याचा अर्थ तुम्हाला काय वाटला?" असे विचारावे. सयाजीराव महाराजांच्या काळात याच शहरात राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश १९३१ साली सिद्ध झाला होता. आपल्याला चाळीस-पन्नास शब्दांचाच कोश लागतो, पण साखर "उतरणे" आणि "घटणे" यांतला कोणता शब्द रुग्ण स्वतः वापरतो हे कळण्यासाठी त्याच्याशी बोलावेच लागते.

मानसिक आधार मोजायचा असेल, तर स्वतःची प्रश्नावली रचण्याच्या भानगडीत पडू नये. उदासीनतेसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची मोजपट्टी मोफत आहे. चिंता आणि उदासीनता यांचे प्रत्येकी सात प्रश्न असलेली, झिगमंड आणि स्नेथ यांची १९८३ ची मोजपट्टी वापरायला परवानगी घ्यावी लागते. रुग्णाची सेवा करणाऱ्या घरच्या माणसावर किती ताण आहे हे पाहण्यासाठी झारिट यांची बावीस प्रश्नांची पट्टी आहे. एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याला कोणी होकार दिला तर त्याच दिवशी कोणत्या डॉक्टरांना कळवायचे आणि तोपर्यंत रुग्णाजवळ कोण बसेल, हे लेखी ठरवल्याशिवाय ती पट्टी कोणाच्याही हाती देऊ नये. उत्तर नोंदवून फाइल बंद करणारे संशोधन हा गुन्हाच मानला पाहिजे, कायद्याने तसे म्हटलेले असो वा नसो.

परवानगी

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे परिचारिकांच्या अभ्यासालाही लागू आहेत. जोखीम नगण्य असेल तर नीतिशास्त्र समिती तातडीचे पुनरावलोकन करू शकते किंवा सूटही देऊ शकते, पण ते समितीने ठरवायचे असते. "हे तर नुसते शिकवणे आहे" असे म्हणून आपणच स्वतःला सूट देऊ नये. शिकवण्याची नवी पद्धत गट करून तपासणार असाल, तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी भारतीय चिकित्सा चाचणी नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, विनामूल्य नोंदणी करावी.

संमतीपत्रात आपण सहसा एक गोष्ट विसरतो. जी सिस्टर रोज सलाईन लावते तिला रुग्ण नाही म्हणू शकत नाही, म्हणून संमती त्या वॉर्डात ड्यूटी नसलेल्या व्यक्तीने घ्यावी. वाचता न येणाऱ्याला मजकूर वाचून दाखवावा, अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार ठेवावा आणि मगच अंगठा घ्यावा. शिकवणाऱ्या सिस्टरांचे निरीक्षण होणार असेल, तर त्याही अभ्यासातल्या सहभागीच ठरतात. त्यांचीही संमती घ्यावी आणि निरीक्षणाचे कागद मेट्रनच्या किंवा इन्चार्जच्या गोपनीय अहवालाकडे जाणार नाहीत, हे लेखी द्यावे. हे आश्वासन नसेल तर निरीक्षणाच्या दिवशी सगळ्या जणी उत्तमच शिकवतील आणि तुमचे आकडे खोटे निघतील.

किती रुग्ण, आणि कधी

वर्णनात्मक अभ्यासात एखादे प्रमाण अंदाजे निम्मे असेल असे धरले आणि दहा टक्क्यांपर्यंतची चूक मान्य केली, तर नेहमीच्या सूत्राने सुमारे ९६ रुग्ण लागतात. सात दिवसांनी काही जण भेटणार नाहीत हे गृहीत धरून १०७ घ्यावेत. वॉर्डात आठवड्याला पाच नवे इन्सुलिनचे रुग्ण येत असतील, तर याला पाच महिने लागतील. हा हिशेब आधी केला नाही, की तिसऱ्या महिन्यात धीर सुटतो आणि तीस रुग्णांवर अभ्यास गुंडाळला जातो.

दोन गटांची तुलना करताना समोरासमोरच्या खाटांवरचे रुग्ण वेगवेगळ्या गटांत घालू नयेत. आपल्या वॉर्डात एका खाटेवर सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सहा खाटांवर पोहोचते, नातेवाईक एकमेकांच्या सिरिंजही पाहतात, आणि यात वाईट काहीच नाही. फक्त तुलना बिघडते. त्याऐवजी पहिले काही आठवडे जुन्या पद्धतीचे रुग्ण नोंदवावेत, मग सिस्टरांचे प्रशिक्षण करावे, पंधरा दिवस सराव होऊ द्यावा आणि त्यानंतर नव्या पद्धतीचे रुग्ण घ्यावेत. असे करताना दोन्ही काळांत रुग्णांचा प्रकार सारखा राहील हे पाहावे. नवरात्रात टाळता येण्याजोगे प्रवेश लांबणीवर पडतात आणि उत्तरायणाच्या सुमारास पतंगाच्या दोऱ्याने कापलेल्यांची आणि गच्चीवरून पडलेल्यांची धावपळ असते, त्यामुळे एक टप्पा सणात आणि दुसरा शांत दिवसांत पडला तर फरक कशामुळे आला हे सांगता येणार नाही.

विश्लेषण साधे ठेवावे. दोन काळांतल्या वेगवेगळ्या रुग्णांच्या टक्केवारीसाठी काय-वर्ग चाचणी, तर त्याच रुग्णांच्या रजेच्या आणि सात दिवसांनंतरच्या निकालासाठी मॅकनेमार चाचणी पुरते. एपी इन्फो हे संगणकीय साधन मोफत आहे.

शिकवणाऱ्या सिस्टरचे कौशल्य

या अभ्यासाचा सर्वांत मोठा लाभ मला इथे दिसतो. नवी पद्धत म्हणजे काही मोठे तंत्र नव्हे, सांगून झाल्यावर "समजले का?" असे न विचारता "बा, उद्या सकाळी तुम्ही कसे कराल ते मला करून दाखवा" असे म्हणायचे, चूक दिसली तर तेवढाच भाग पुन्हा शिकवायचा आणि पुन्हा करून पाहायचे. यात दोष रुग्णावर न ढकलता आपल्याकडे घ्यायचा असतो: "मी नीट सांगितले की नाही ते मला पाहायचे आहे." ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात फार अवघड असते, कारण रुग्ण चाचपडत असताना गप्प बसायचे असते आणि आपल्या हातांना ती सिरिंज ओढून घ्यायची घाई असते.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या वाढीच्या नवशिकी, थोडी सरावलेली, सक्षम, प्रवीण आणि निष्णात अशा पाच अवस्था सांगितल्या. माझ्या पाहण्यातली गोष्ट अशी की, पंधरा वर्षांची निष्णात सिस्टर सलाईन लावण्यात निष्णात असते आणि शिकवण्यात नवशिकी असू शकते. म्हणून प्रशिक्षणात ज्येष्ठतेचा विचार करू नये. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ओएससीई या, केंद्राकेंद्रावर प्रत्यक्ष कौशल्य तपासणाऱ्या परीक्षेच्या धर्तीवर तीन छोटी केंद्रे मांडावीत. एका केंद्रावर घाबरलेला रुग्ण, दुसऱ्यावर सगळे येते असे म्हणणारा मुलगा, आणि तिसऱ्यावर सुनेला बोलू न देणारी सासू असावी. या भूमिका विद्यार्थिनींना द्याव्यात. सासूची भूमिका त्या फार रंगवून करतात. प्रत्येक केंद्राला सात-आठ मिनिटे द्यावीत, आणि कोण किती वेळ बोलले हे घड्याळ लावून मोजावे. सिस्टर सहा मिनिटे आणि रुग्ण एक मिनिट, असे निघाले तर काय सुधारायचे हे निराळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर आठवड्यातून एकदा, हँडओव्हरच्या, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवण्याच्या आधी दहा मिनिटे, एका सिस्टरने एक प्रसंग सांगावा: काय घडले, मला काय वाटले, पुढच्या वेळी काय करीन. नाव, खाट क्रमांक, गाव यांतले काही त्यात येऊ नये. या चर्चेत कोणीही कोणाला गुण देऊ नयेत. मलाही सुरुवातीला हे वेळ घालवणे वाटले होते. पण खोटा दिलासा देण्याची आपली सवय, म्हणजे "काही होत नाही, काका, काळजी करू नका" असे म्हणून रुग्णाचा प्रश्न बंद करणे, मला या दहा मिनिटांतच पहिल्यांदा दिसली. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनीही रुग्णाला अशी पोकळ आशा देणाऱ्यांवर एकोणिसाव्या शतकातच कडक शब्दांत टीका केली होती.

निकाल आल्यावर

पहिली मांडणी वॉर्डातच करावी, परिषदेत नव्हे. एका कागदावर, गुजरातीत, शंभरातले किती हे चित्राने दाखवावे आणि तो कागद सिस्टर, शिकाऊ विद्यार्थिनी, आयाबेन आणि फार्मसीतला माणूस या सगळ्यांना दाखवावा. टोपणाच्या रंगाची चूक थांबवायची तर शेवटचा माणूस सर्वांत महत्त्वाचा. निकाल नकारात्मक आला, म्हणजे नव्या पद्धतीने फरक पडला नाही, तरी तो लपवू नये.

लेख लिहिताना निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब ही २२ मुद्द्यांची आणि मुलाखतींवर आधारित अभ्यासासाठी कोरेक ही ३२ मुद्द्यांची सूची समोर ठेवावी. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाचे नियतकालिक १९१० पासून निघते आणि वॉर्डातले अभ्यास पाठवायला ते एक सरळ ठिकाण आहे. दोन दिवसांत स्वीकृती आणि तिसऱ्या दिवशी शुल्काची मागणी करणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. लेखकांच्या यादीत पाच महिने सूची भरणाऱ्या रात्रपाळीच्या सिस्टरचे नाव हवे, आणि ते कितव्या क्रमांकावर असेल हे पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. लेख स्वीकारला गेल्यावर हा विषय काढला, तर पुढच्या अभ्यासाला त्या वॉर्डात कोणी वही धरत नाही.